एकोणिसाव्या जोडीचा हात

२ मार्च, सोमवार

मॅडमनी आज फर्मान काढलं. आकडेवारीबाबत घेतलेला प्रत्येक निर्णय प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाने तारखेनिशी लिहून ठेवायचा. कोणाचे आकडे वगळले, का वगळले, सगळं. मी मान डोलावली आणि घरी येताना ही दुसरी वही घेतली. तिकडे निर्णय लिहीन, इकडे खरी कारणं.

खरं कारण पहिल्याच दिवशी हजर आहे. आम्हाला वीस जोड्या हव्यात आणि अठराच मिळाल्यात. परिषद महिनाअखेरीला आहे.

प्रयोग साधा आहे. एका माणसाला मेंदूची चित्रं काढणाऱ्या यंत्राच्या बोगद्यात झोपवायचं. डाव्या मनगटावर पट्टी बांधायची आणि ती चटका बसेल इतपत तापवायची. इजा होत नाही, पण आजोळ आठवतं. एका फेरीत उजव्या हातात रबरी चेंडू द्यायचा, दुसऱ्या फेरीत जवळच्या माणसाचा हात. समोरच्या आरशात प्रश्न दिसतो, 'किती दुखतंय?' आणि त्याने शून्य ते शंभरमध्ये उत्तर द्यायचं.

आपल्या माणसाने हात धरला की दुखणं कमी वाटतं हे सांगायला एवढं महागडं यंत्र कशाला, असं आमच्या हिचं मत आहे. पण आमचा प्रश्न त्याच्या पुढचा. हात दुखणं थेट कमी करतो, की आधी मेंदूतला एक ठरावीक ठिपका शांत करतो आणि त्या ठिपक्यामार्फत दुखणं उतरतं? थेट किती आणि मार्फत किती, हे वेगळं काढून दाखवणं हे माझं पोटापाण्याचं काम. मी हिला घरगुती उदाहरण दिलं. समज, तुला राग आला, तू भांडी आपटलीस आणि मला कळलं. आता भांडी काढून घेतली, तरी मला कळलं असतं का?

"नसतं," ही म्हणाली आणि हातातलं पातेलं अगदी हळू, आवाज न करता ओट्यावर ठेवलं. तिला विषय नीट समजला याचं मला समाधान वाटलं.

५ मार्च, गुरुवार

सासू-सासरे राहायला आलेत. त्यांच्या घराचं छत गळतंय, त्याची दुरुस्ती चालू आहे. मी दोघांना आई-बाबाच म्हणतो.

बाबा पाणीपुरवठ्यात फिटर होते. उभा जन्म नळ आणि व्हॉल्व्ह आवळण्यात गेला. माणूस निवृत्त झाला, पण हात झाला नाही. ते घरात असले की त्यांनी बंद केलेला नळ दुसऱ्या कुणाला उघडत नाही. आज सकाळी मी तोंडाला साबण लावून न्हाणीघरात उभा आणि नळ जागचा हलेना. शेवटी बाबा आले, दोन बोटांनी तो फिरवला आणि म्हणाले, "पाणी वाया जाऊ नये म्हणून."

आई शाळेत शिकवायच्या आणि पेपर तपासायच्या. 'विचारलंय तेवढंच लिहा' असं त्यांनी हजारो मुलांना सांगितलं असेल, आणि स्वतःही ते पाळतात. काल मी विचारलं, चहा झालाय का? त्या म्हणाल्या, नाही. अर्ध्या तासाने मी पुन्हा विचारलं. त्या पुन्हा म्हणाल्या, नाही. मग म्हणाल्या, करा म्हणाला असतात तर केला असता.

या दोघांची एक गंमत आहे. बातम्या बघताना ते कोचावर हातात हात घेऊन बसतात. रस्ता ओलांडताना तर बाबा असा हात धरतात की जणू पलीकडे दुसरा देश आहे. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली. पहिल्या पहिल्यांदा मला बघायला अवघडल्यासारखं व्हायचं. आज मात्र कोचाकडे बघितलं आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझी एकोणिसावी जोडी माझ्याच कोचावर बसली होती.

हिला विचारलं. ही म्हणाली, "त्यांना विचार, मी कोण सांगणार. आणि त्यांच्या वेळी तरी खरा हात दे." प्रयोगाची पहिली चाचणी आम्ही हिच्यावर घेतली होती. मी संगणकावर असल्यामुळे जवळचं माणूस उपलब्ध नव्हतं, म्हणून दोन्ही फेऱ्यांना तिला चेंडूच दिला होता. ती गोष्ट तिच्या अजून लक्षात आहे, म्हणजे स्मरणशक्ती उत्तम.

८ मार्च, रविवार

आज प्रयोग झाला. यंत्रात आई, हात धरायला बाबा. यंत्र चालवणाऱ्याला आम्ही चुंबककाका म्हणतो, कारण आल्यागेल्याला ते एकच वाक्य ऐकवतात: चुंबक कुणाचा सासरा बघत नाही. त्यांनी बाबांना घड्याळ, किल्ल्या, पाकीट, चष्मा आणि पट्टा काढायला लावला. पट्टा काढल्याबरोबर विजार खाली निघाली. बाबांनी ती डाव्या मुठीत धरली आणि तसेच आत गेले.

आईंच्या उजव्या कानशिलावर नेहमीप्रमाणे तेलाची बारीक गोळी चिकटवली. ती चित्रात पांढऱ्या ठिपक्यासारखी दिसते, त्यामुळे पुढे डावं-उजवं चुकत नाही. बाबांनी विचारलं की डावं-उजवं चुकेलच कसं. मी समजावलं की शरीराच्या डाव्या बाजूचं दुखणं मेंदूच्या उजव्या अर्ध्यात नोंदतं आणि उजव्याचं डाव्यात. बाबा विचारात पडले. म्हणाले, "जोडणी उलटी केली आहे म्हणायची. दुरुस्त नाही केली कुणी?"

काचेपलीकडून मी बघत होतो. यंत्राची ठकठक सुरू झाली तसा बाबांचा चेहरा पांढरा पडला. बोगद्यातून आईंचा उजवा हात बाहेर आला होता. बाबांनी एका मुठीत तो हात धरला आणि दुसऱ्या मुठीत विजार, आणि शेवटपर्यंत दोन्ही सोडलं नाही. मला भरून आलं. असं प्रेम आमच्या आलेखात कसं उतरेल याची मी कल्पना करत बसलो.

बाहेर आल्यावर मी आईंना विचारलं, पट्टीने फार त्रास नाही ना झाला? "पट्टीने नाही," त्या म्हणाल्या. घरी येताना पर्स डाव्या खांद्यावर होती.

१० मार्च, मंगळवार

आई दोन दिवस डाव्या हाताने चहा गाळतायत. मी त्यांना सांगितलं की या वयात सवय नसलेल्या हाताने काम करणं मेंदूला फार चांगलं, आमच्याकडे यावर बरंच संशोधन झालंय. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. अर्धा चहा ओट्यावर सांडला होता. सवयीने जमेल.

विसावी जोडी मिळाली. उपाहारगृहाचा मालक आणि त्याची बहीण.

१३ मार्च, शुक्रवार

आजचा दिवस काळ्या शाईत लिहायला हवा, पण हाताशी निळंच पेन आहे.

सकाळी विसाही जोड्यांचा आलेख काढला. प्रत्येकाची एक रेघ, चेंडूपासून हातापर्यंत. हात धरल्यावर दुखणं कमी म्हणजे रेघ खाली. अठरा जोड्यांच्या रेघा खाली. मालक आणि बहिणीचीसुद्धा खाली, आणि ती दोघं प्रयोगाला येताना भांडत आली होती. एकोणिसाव्या जोडीची रेघ मात्र वर. थोडीथोडकी नाही, तीसवरून सत्तरवर. त्या एका रेघेने ठिपक्यामार्फतचा सगळा परिणाम पाण्यात गेला.

मॅडम म्हणाल्या, डोकं हललं असेल, वगळ. मी हालचालीची नोंद काढली. आई दगडासारख्या पडून होत्या, विसांत सगळ्यात स्थिर. मॅडम म्हणाल्या, मग दुसरं कारण शोध, पण खरं शोध. नुसतं आवडत नाही म्हणून कुणाला वगळता येणार नाही. बाई कडक आहेत, पण खोटं करायला सांगत नाहीत.

संध्याकाळी घरी मी गप्प राहायला हवं होतं. पण ही म्हणाली, काय निघालं? मी लॅपटॉप उघडून आलेख दाखवला. गोपनीयतेचा नियम मला पाठ आहे. कुठली रेघ कुणाची हे मी मुळीच सांगितलं नाही. ही वरच्या रेघेवर बोट ठेवून म्हणाली, "ही कोण?"

"एकोणिसाव्याचं तेवढं विचारू नकोस," मी म्हणालो.

उचलली जीभ लावली टाळ्याला. ही आलेखाकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "आईला बाबांच्या हाताने जास्त दुखतं?" मी म्हणालो, आकडे तसं म्हणतात, त्यात भावनेला जागा नाही. तेवढ्यात स्वयंपाकघरातून पान्हा खाली पडल्याचा आवाज आला. बाबा आत सिंकखालचा पाइप बघत होते, हे मी पार विसरलो होतो.

१४ मार्च, शनिवार

बाबा कोचावरून उठून खिडकीजवळच्या खुर्चीवर बसायला लागलेत. आईंनी विचारलं तेव्हा म्हणाले, इथे वारा बरा येतो. खिडकी बंद होती.

ही माझ्याशी बोलत नाही. भांडीही आपटत नाही. म्हणजे मार्फत काही येत नाही आणि थेटही काही येत नाही. हे अभ्यासाच्या दृष्टीने कठीण आहे.

१६ मार्च, सोमवार

मी कामाला निघालो तर बाबा बरोबर खाली आले. फाटकापाशी थांबून म्हणाले, "यंत्र चुकतं का हो?"

मी काय म्हणायला हवं होतं हे आता कळतंय. तेव्हा मी म्हणालो की यंत्र चुकत नाही, चुकतात ती माणसं.

बाबांनी मान हलवली. ते आपल्या हाताकडे बघत होते. म्हणाले, "चाळीस वर्षं. तिने कधी काढून घेतला नाही हो. मला वाटलं, तिला बरं वाटतंय." मग म्हणाले, जा तुम्ही, उशीर होईल. मी खरंच गेलो. दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. स्वतःचीच लाज वाटली, ही एवढी एक गोष्ट तरी इथे खरी लिहितो.

परतताना ते दोघं रस्त्याच्या कडेला दिसले. बाबांचे दोन्ही हात खिशात होते. आई शेजारी जराशा थांबल्या, त्यांच्याकडे बघितलं, आणि एकट्याच ओलांडून गेल्या.

आणखी एक. न्हाणीघरातला नळ रात्रंदिवस टपकतोय. स्वयंपाकघरातलाही. बाबांच्या हातात पूर्वीसारखा जोर राहिला नसावा, वय झालंच. नवीन वायसर आणायला हवेत.

१८ मार्च, बुधवार

आशेचा किरण. एकोणिसाव्या जोडीची मेंदूची चित्रं आज पुन्हा एकेक करून बघितली. पट्टी सगळ्यांच्या डाव्या मनगटावर, तेव्हा दुखण्याचा डाग सगळ्यांच्या उजव्या अर्ध्यात दिसतो. आईंच्या चेंडूच्या फेरीत तसाच आहे. पण हाताच्या फेरीत उजवीकडे बारीकसा डाग, आणि डावीकडे भला मोठा.

याचा अर्थ उघड आहे. त्या फेरीचं चित्र कुठेतरी उलटं झालंय, आरशात बघावं तसं. आमच्या धंद्यात ही चूक होते आणि झाली की सगळं गणित बोंबलतं. चित्र उलटं, तर उत्तरंही दुसऱ्याच कुणाची चिकटली असतील. बाबा निर्दोष. जेवायला बसलो तेव्हा हिला सांगितलं. ही चार दिवसांनी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "नक्की?" मी म्हणालो, उद्या गोळी बघतो.

१९ मार्च, गुरुवार

गोळी उजवीकडेच आहे. दोन्ही फेऱ्यांत. चित्र सरळ आहे, उत्तरं त्यांचीच आहेत, सगळं जागच्या जागी आहे.

मी चुंबककाकांना तीनदा विचारलं की गोळी चुकून डाव्या कानशिलावर तर नव्हती ना लावली? तिसऱ्यांदा त्यांनी मला स्वतःच्या कानशिलावर हात ठेवून उजवा कुठला ते दाखवायला लावलं. घरी आलो. हिने माझा चेहरा बघितला आणि काही न विचारता आत गेली.

मॅडमना कळवलंय की वगळायला कारण सापडत नाही. परिषदेत सगळं आहे तसं मांडू. माझ्या नोकरीचं काय व्हायचं ते होईल. पण वीस जोड्यांच्या आलेखापायी एक म्हातारं जोडपं मोडलं, ते मी कसं जोडू, याला आमच्याकडे सूत्र नाही.

२१ मार्च, शनिवार

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं माझ्या डिग्रीवर खाली लिहून द्यायला हवं होतं.

ही आणि बाबा बाजारात गेले होते. मी स्वयंपाकघरात गेलो तर आई बरणी उघडत होत्या. बरणी पोटाशी धरलेली, झाकण डाव्या हाताने फिरवत होत्या, आणि ते फिरत नव्हतं. मी बरणी घेतली आणि विचारलं, "आई, उजव्या हाताला काय झालंय?"

"सुजलाय," त्या म्हणाल्या. अंगठ्याच्या बुडाशी सूज होती. काळंनिळं आता पिवळं पडत आलं होतं.

"कधीपासून?"

"तुमच्या त्या यंत्रापासून. ठकठक सुरू झाली आणि हे घाबरले. माझा हात असा आवळला की काय सांगू."

मी बरणी खाली ठेवली. उजवा हात. डाव्या अर्ध्यातला भला मोठा डाग. "मग तुम्ही सत्तर आकडा दिलात तो..."

"तुम्ही विचारलंत किती दुखतंय. कुठे दुखतंय ते विचारलं नव्हतं." आणि वर म्हणाल्या, "प्रश्न नीट काढायला हवा, जावईबापू."

आमच्या प्रयोगशाळेत सहा पदव्युत्तर माणसं आहेत. त्या प्रश्नावर आम्ही दोन बैठका घेतल्या होत्या. अक्षरांचा आकार किती असावा यावर वाद झाला होता.

मी विचारलं, ओरडला का नाहीत, थांबवायची घंटा होती. त्या म्हणाल्या, "यांना आणखी घाबरवू? आधीच एका हातात विजार." मग म्हणाल्या, "हल्ली रागावलेत माझ्यावर. म्हातारपणी असल्या बोगद्याच्या दारात उभं केलं म्हणून असेल. जवळसुद्धा बसत नाहीत."

तेव्हा मला सगळं सांगावं लागलं. आलेख, एकोणीस, पान्हा, फाटक. यंत्र चुकत नाही म्हणालो तेही सांगितलं. आईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं आता त्या मला बाकावर उभं करणार. पण त्या हसायला लागल्या आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. म्हणाल्या, "आठ दिवस त्या खिडकीपाशी बसले हे, बंद खिडकीपाशी."

बाबा पिशव्या घेऊन आले. आई कोचावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "अहो, इकडे या. हात द्या."

बाबांनी आधी माझ्याकडे बघितलं. मग बसले आणि दोन बोटं पुढे केली, नळ हळू उघडावा तशी.

"हे काय? धरल्यासारखा धरा."

"तुला दुखतं."

"हा दुखतो. तो जरा बरा होऊ दे." आई उठल्या, बाबांच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसल्या आणि डावा हात पुढे केला. "हा धरा. घट्ट."

बाबांनी धरला. ही दारात पिशवी घेऊन उभी होती आणि उघड रडत होती. मी कुठे उभं राहावं हे मला कळेना, म्हणून मी बरणी उघडली.

२२ मार्च, रविवार

मॅडमना घरी फोन करून सांगितलं. मग म्हणाल्या, हात किती जोरात धरला हे आपण एकाही जोडीत मोजलं नाही. म्हणजे बाकीच्या एकोणिसांवरही आता फार मोठ्या आवाजात बोलता यायचं नाही. मी म्हणालो, हो. त्या म्हणाल्या, तसंच लिही. एकोणिसावी जोडी वगळायची नाही, वेगळी दाखवायची, कारणासकट. आणि तुझ्या सासूबाईंना विचार, पुढच्या वेळचा प्रश्न तपासून देतील का.

आईंनी लाल पेन मागितलंय.

संध्याकाळी चौघं फिरायला गेलो. रस्ता ओलांडताना बाबा डावीकडे आणि आई उजवीकडे, चाळीस वर्षांनी बाजू बदललेल्या. दोघं एकमेकांवर दोनदा आदळले. मागे आम्ही दोघं. हिने समोर बघतच हात पुढे केला. मी विचारलं, किती घट्ट धरू, म्हणजे अंदाजे? ती म्हणाली, "आधी धर तर." मी धरला. तिचा हात गार होता. चाचणीच्या दिवशी मी संगणक अर्धा तास दुसऱ्या कुणाकडे देऊ शकलो असतो, हे मला रस्त्याच्या बरोबर मधोमध सुचलं.

तिला तसं म्हणालो. ती म्हणाली, चल, सिग्नल सुटेल.

२७ मार्च, शुक्रवार

आज परिषद. पहाटे उठून भाषण आरशासमोर म्हणून बघितलं. त्यात सगळं आलंय. थेट परिणाम, मार्फतचा परिणाम, आणि शेवटी एका काकांची मूठ, जी आमच्या एकाही सूत्रात नव्हती.

दाढीला साबण लावला आणि नळ फिरवायला गेलो. नळ हलेना. रुमाल गुंडाळून फिरवला, दोन्ही हातांनी फिरवला, पाय भिंतीला लावून फिरवला. स्वयंपाकघरात गेलो, तिथलाही तसाच. आठवडाभर टपकत होते ते दोन्ही नळ ठार बंद, एक थेंब नाही.

बाबा कोचावर पुन्हा पूर्वीसारखे आईंच्या उजवीकडे बसून पेपर वाचत होते, एका हाताने. मी तोंडभर फेस घेऊन समोर उभा राहिलो. ते म्हणाले, आलो, दोन मिनिटं. पण उठले नाहीत, आणि मला काही त्यांना उठवावंसं वाटलं नाही. तोंड टॉवेलला पुसलं आणि अर्ध्या दाढीने परिषदेला गेलो.